वाऱ्याच्या वाटेवरचा खानदेश

महाराष्ट्रात केळीसाठी राबवल्या जाणाऱ्या हवामान आधारित फळपीक विमा योजनेत अलीकडच्या वर्षांत जे धोके गृहीत धरले गेले आहेत, त्यांचे महिने एकापुढे एक मांडले, तर जळगाव जिल्ह्यातील बागायतदाराचे वर्ष कसे जाते याची कल्पना येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कमी तापमानाचा, जानेवारी ते एप्रिल हा गारपिटीचा, मार्च ते जुलै हा वेगाच्या वाऱ्याचा आणि एप्रिल-मे हा जास्त तापमानाचा काळ म्हणून त्यात धरलेला असून, काही महिन्यांत तर दोन-तीन धोके एकाच वेळी डोक्यावर उभे असतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हे महिने या यादीत येत नाहीत, पण म्हणून ते निर्धोक ठरत नाहीत. ऑगस्ट २०२१ च्या अखेरच्या दिवशी डोंगरी आणि तितूर या नद्यांना आलेल्या पुराने चाळीसगाव शहर आणि तालुक्यातील गावे पाण्याखाली नेली, आणि त्याच पावसात कन्नडच्या घाटात दरडीही कोसळल्या. वादळ ही दहा-पंधरा वर्षांनी एकदा येणारी आपत्ती आहे, या समजुतीवर खानदेशात कोणाचेही नियोजन टिकत नाही. ती इथल्या शेतीच्या पंचांगातलीच एक बाब आहे.

वादळ म्हटले, की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर समुद्रावरून येणारे चक्रीवादळ उभे राहते. शेकडो किलोमीटर व्यासाचे, कमी दाबाच्या केंद्राभोवती फिरणारे आणि कित्येक दिवस टिकणारे हे वादळ उपग्रहाच्या चित्रात आधीपासून दिसत असल्यामुळे त्याची पूर्वसूचना देता येते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेले निसर्ग चक्रीवादळ दुसऱ्या दिवशी क्षीण होत उत्तर महाराष्ट्रावरूनच विदर्भाकडे सरकले होते. परंतु खानदेशाला असा पाहुणा क्वचितच गाठतो. याच्या दुसऱ्या टोकाला टोर्नेडो असतो, म्हणजे गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली उतरून जमिनीला टेकणारा, अतिशय वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ, ज्याची रुंदी बहुधा काही शे मीटरच असते, पण ज्यातील वाऱ्याचा वेग क्वचित ताशी ४८० किलोमीटरच्याही पुढे जातो. अमेरिकेत दरवर्षी सरासरी बाराशेच्या आसपास टोर्नेडो नोंदले जातात. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ रोजी सातुरिया-माणिकगंज भागात झालेल्या टोर्नेडोत सुमारे तेराशे माणसे मृत्युमुखी पडली, आणि जगाच्या ज्ञात इतिहासात ती या प्रकारची सर्वाधिक प्राणघातक घटना मानली जाते. भारतात ही घटना मुख्यतः पूर्वेकडील राज्यांत आणि कधीमधी उत्तरेच्या मैदानात घडते. मार्च-एप्रिलच्या दुपारी नांगरलेल्या रिकाम्या वावरातून पाचोळा आणि माती उचलत फिरणारी वावटळ दिसायला टोर्नेडोसारखी असली, तरी तिचा ढगाशी काही संबंध नसतो; तापलेल्या जमिनीलगतची हवा वर उसळताना ती तयार होते, आकाश निरभ्र असतानाच येते आणि थोड्याच वेळात विरून जाते.

खानदेशाचे खरे नुकसान करते ते या दोहोंपेक्षा वेगळे वादळ, ज्याला इथे वावधन म्हणतात. ते गडगडाटी ढगातूनच येते, पण फिरत येत नाही. ते वरून खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. त्याची उत्पत्ती समजण्यासाठी आधी या प्रदेशाची ठेवण ध्यानात घ्यावी लागते. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, अशा दोन भिंतींमध्ये तापीचे खोरे पूर्व-पश्चिम पसरलेले असून, त्याचे पश्चिमेकडील तोंड सुरतच्या बाजूने अरबी समुद्राकडे उघडे आहे. भुसावळ आणि जळगावचा पारा मे महिन्यात अनेकदा ४५ अंशांच्या घरात जातो. मेच्या उत्तरार्धात समुद्राकडून येणारी दमट हवा या खोऱ्यात शिरू लागते, खालची तापलेली काळी जमीन तिला वर ढकलते, सातपुड्याचे उतार त्या चढाईला हातभार लावतात, आणि दुपारनंतर पाहता पाहता बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात.

या ढगांचे वैशिष्ट्य असे, की त्यांचा तळ बराच उंचावर असतो आणि त्या तळाखालची हवा कोरडी असते. ढगातून निघालेला पाऊस या कोरड्या थरातून खाली येताना वाटेतच बराचसा वाळून जातो. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २५ लाख जूल एवढी उष्णता लागते, आणि ती उष्णता आजूबाजूच्या हवेतूनच घेतली जात असल्याने ती हवा झपाट्याने थंड व जड होऊन खाली कोसळू लागते. याला अधोवात असे म्हणता येईल. जमिनीवर आपटल्यावर या हवेला आडवे पसरण्यावाचून दुसरी वाट नसते, आणि तिच्या पुढच्या कडेवर वाऱ्याची एक भिंत तयार होते, जी वाटेतली धूळ उचलून पुढे सरकते. पाऊस सुरू होण्यापूर्वी क्षितिजावर उठणारा धुळीचा तांबूस पडदा, अचानक आलेला गारवा आणि लगेच सुटलेला सोसाट्याचा वारा हा जो क्रम गावातील प्रत्येकाला पाठ असतो, त्याचे कारण हेच आहे. ज्या मेच्या उकाड्याने माणसे हैराण होतात, तोच उकाडा आणि तीच कोरडी हवा या वाऱ्याला बळ देत असतात, आणि म्हणूनच पावसाचे थेंब मोजकेच पडूनही बागा आडव्या झालेल्या दिसतात.

जगाला या प्रकारच्या वाऱ्याची ओळख करून देण्याचे श्रेय मूळचे जपानी असलेले आणि पुढे शिकागो विद्यापीठात काम केलेले हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांच्याकडे जाते. टोर्नेडोची तीव्रता मोजण्याची, त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी मोजपट्टी त्यांनी १९७१ मध्ये मांडली. एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेत एकाच दिवसाच्या अवधीत झालेल्या टोर्नेडोंच्या मालिकेनंतर विमानातून पाहणी करताना त्यांना काही ठिकाणी झाडे फिरून पडलेली न दिसता एका बिंदूपासून सर्व बाजूंना, ताऱ्याच्या किरणांसारखी पडलेली दिसली. अणुबॉम्बनंतरच्या नागासाकीच्या पाहणीत त्यांनी अशीच रचना पूर्वी पाहिली होती. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरताना कोसळलेल्या विमानाच्या अपघाताचा अभ्यास केल्यानंतर त्यांनी अधोवाताची कल्पना ठामपणे मांडली आणि प्रारंभीच्या विरोधानंतर ती मान्य झाली. टोर्नेडोत झाडे एका अरुंद पट्ट्यात आतल्या बाजूला ओढली जाऊन एकमेकांवर आडवीतिडवी पडतात, तर अधोवातात ती एका दिशेने किंवा पंख्यासारखी पसरत जाऊन झोपतात, हा त्यांच्या निरीक्षणातला फरक खानदेशातील बागांनाही लागू पडतो. वादळानंतर होणाऱ्या पंचनाम्यात गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र आणि नुकसानीची टक्केवारी लिहिली जाते. त्यात झाडे कोणत्या दिशेला पडली एवढा एकच रकाना वाढवला, तर काही वर्षांत तापी खोऱ्यातील वादळांचा असा नकाशा तयार होईल, जो कोणत्याही उपकरणाविना मिळालेला असेल.

ही बाग म्हणजे मुख्यतः केळीची बाग. रावेर, यावल, चोपडा आणि मुक्ताईनगर हे तालुके केळीचे आगर मानले जातात, आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. वाऱ्यापुढे इतके असहाय दुसरे नगदी पीक सापडणे कठीण. केळीचे खोड म्हणून जे दिसते ते लाकूड नसून एकमेकांवर घट्ट गुंडाळलेल्या पानांच्या देठांचा, नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असलेला बुंधा असतो. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद, आणि त्याची बहुतेक मुळे वरच्या फूट-दीड फुटाच्या थरातच पसरलेली असतात. या बुंध्याच्या माथ्यावर शिडासारखी रुंद पाने आणि एका बाजूला झुकलेला वीस-पंचवीस किलोंचा घड असतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात केवळ पाने फाटून निभावलेली बाग ६०च्या वाऱ्यात मधोमध मोडते किंवा कंदासह उपटून पडते. दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर लावलेल्या बागेत एका हेक्टरला ४,४४४ झाडे बसतात, आणि एका ओळीतले झाड पडताना पुढच्या ओळीतल्या झाडाला घेऊन पडते.

त्यातच लागवडीचे आणि वादळाचे वेळापत्रक एकमेकांवर येते, ही या प्रदेशाची मोठीच अडचण आहे. जून-जुलैत लावलेल्या मृगबागेचे घड पुढच्या मे-जूनमध्ये भरात येतात किंवा कापणीला लागतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास लावलेली कांदेबाग त्याच वेळी निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या, बेतात असते. खते, ठिबक, टिश्यूकल्चरची रोपे आणि मजुरी यांचा जवळजवळ सगळा खर्च तोपर्यंत झालेला असतो. रोहिणी आणि मृग नक्षत्रांच्या पावसाची वाट सारा मुलूख पाहत असताना केळीचा बागायतदार त्याच दिवसांत आकाशाकडे धास्तीने पाहतो. पडलेल्या झाडावरचा घड पूर्ण भरलेला नसेल, तर त्याला व्यापारी हात लावत नाही, आणि भरलेला असला तरी एकाच दिवशी शेकडो बागा पडल्यावर भाव पाडूनच मागितला जातो. त्यानंतर पडलेली बाग साफ करण्याचा खर्च वेगळाच. कंद शाबूत असेल तर पिलांपासून खोडवा धरता येतो, पण ते उत्पन्न हाती यायला पुन्हा बरेच महिने जातात, आणि तेवढे महिने पीककर्ज थांबत नाही.

धुळे जिल्ह्यात शिरपूरचा तापीकाठ सोडला तर चित्र थोडे वेगळे आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या कोरड्या भागात वारा हा वर्षभराचाच सोबती आहे, आणि साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांच्या रांगा त्याची साक्ष देतात. तिथे वादळाचा फटका बसतो तो कांदा, मका, गहू आणि कापसाला. मार्च-एप्रिलमध्ये काढून शेतात पोळ घातलेला कांदा अवकाळीने भिजला की सडू लागतो, आणि चाळीत भरलेल्या कांद्यावरचे पत्रे वाऱ्याने उडाले तर साठवणीचा सगळा हिशेबच कोलमडतो. खानदेशाची ओळख असलेली दादर, म्हणजे जमिनीतल्या ओलीवर येणारी उंच रब्बी ज्वारी, कणसात दाणा भरल्यावर साध्या वाऱ्यानेही लोळते.

गारपिटीचे कारण याच ढगांत आहे, पण तिचा हंगाम आधीच, थंडी ओसरतानाच सुरू होतो. पश्चिमेकडून हिमालयाच्या दिशेने जाणाऱ्या थंड हवेच्या लाटा, ज्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात, कधी कधी बऱ्याच दक्षिणेला उतरतात. वर गोठणबिंदूखालचा थर आणि खाली बंगालच्या उपसागरातून किंवा अरबी समुद्रातून आलेली दमट हवा अशी गाठ पडली, की ढगात वर-खाली होत बर्फाचे थरावर थर चढून गार तयार होते. फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर लागोपाठ झालेल्या गारपिटीत उत्तर महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ हे तिन्ही विभाग सापडले होते. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी तर ऐन दिवाळीनंतरच्या दिवसांत उत्तर महाराष्ट्रात अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या, आणि त्याच दिवशी शेजारच्या गुजरातेत वीज पडून वीसहून अधिक माणसे दगावली. गारेने केळीचे झाड मरत नाही. पण फळाच्या सालीवर डाग पडतो, आणि डागाळलेली केळी निर्यातीच्या खोक्यात जात नाही.

या सगळ्यात विज्ञानाची मदत किती होते, याचे उत्तर वादळाच्या आकारात आहे. एका अधोवाताचा पसारा चार-पाच किलोमीटरचा आणि आयुष्य दहा-वीस मिनिटांचे असू शकते. हवामान खाते जिल्ह्यासाठी पिवळा किंवा नारिंगी इशारा देते आणि पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही वर्तवते, पण त्यासाठी ढगाच्या आतले वारे पाहणारे डॉप्लर रडार जवळ असावे लागते. मुंबई आणि नागपूर या दोन्ही ठिकाणच्या रडारांपासून जळगाव सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वीचा पृष्ठभाग मात्र वळत खाली जातो, त्यामुळे एवढ्या अंतरावर तो किरण जमिनीपासून नऊ-दहा किलोमीटर उंचीवरून निघून जातो. त्याला ढगाचा माथा दिसतो, पण खालच्या तीन किलोमीटरमध्ये, जिथे सारी उलथापालथ होते, तिथे तो पोचत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने दोन हजार कोटी रुपयांची मिशन मौसम ही योजना मंजूर केली असून रडारांचे जाळे दाट करणे हा तिचा एक भाग आहे. देशातील केळीच्या सर्वांत मोठ्या पट्ट्यांपैकी एक असलेल्या तापी खोऱ्याचा हक्क या जाळ्यात अग्रक्रमाचा आहे, आणि तो लोकप्रतिनिधींनी आकडेवारीनिशी मांडायला हवा.

अंदाजाचा हाच प्रश्न नुकसानभरपाईत अधिक बोचरा होतो. महावेध प्रकल्पाखाली राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली आणि विम्याच्या निकषांसाठी त्यांच्या नोंदी प्रमाण मानल्या जाऊ लागल्या. तापमानासाठी ही व्यवस्था रास्त आहे, कारण उकाडा आणि थंडी पंधरा-वीस गावांवर सारखीच पसरलेली असते. वाऱ्याचे तसे नाही. केळीसाठी ताशी ४० किलोमीटरचा वेग ही मर्यादा धरली, तरी मंडळाच्या केंद्रावर वारा २५चा असताना चार कोसांवरच्या शिवारात तो ८०चा असू शकतो. ही अडचण ओळखूनच वेगाचा वारा आणि गारपीट यांसाठी शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवून वैयक्तिक पाहणी करून घेण्याची तरतूद ठेवण्यात आली. परंतु वादळाने महावितरणचे खांब पाडलेले, वीज आणि मोबाइलचे नेटवर्क गेलेले, रस्त्यावर झाडे आडवी झालेली अशा वेळी पहिले दोन दिवस कसे जातात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही मुदत किती तुटपुंजी आहे ते समजेल. वादळाच्या दिवशी संबंधित गावांतील वीज किंवा नेटवर्क बंद असल्याची अधिकृत नोंद असल्यास मुदत आपोआप वाढावी, अशी सुधारणा अवघड नाही. विम्याखेरीज आपत्ती निवारण निधीतून मिळणारी मदत ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झाल्यावर मिळते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती.

तुलनेने कमी बोलले जाते ते वारा अडवण्याविषयी. बागेच्या कडेने शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ओळ लावण्याची पद्धत खानदेशात जुनी आहे. ती ओळ आपल्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर लक्षणीय कमी करते, म्हणजे बारा फुटांची शेवरी एकशेवीस फुटांपर्यंत आधार देते. मात्र ती भिंतीसारखी बंद नसावी, थोडा वारा आरपार जाऊ देणारी असावी, कारण बंद अडसरावरून उडी मारून पलीकडे गेलेला वारा भोवरे करून खाली येतो आणि उलट अधिक झाडे मोडतो. म्हणून मोठ्या बागेत एकाच कडेला नव्हे, तर ठरावीक अंतरावर आडव्या ओळी हव्यात, आणि त्या केळीच्या लागवडीबरोबर किंवा आधीच पेरल्या तरच मेपर्यंत उपयोगी उंची गाठतात. लागवडीचे क्षेत्र घटते, शेवरी पाणी खाते, या तक्रारी खऱ्या आहेत. परंतु एका मोसमात सगळी बाग गमावण्याच्या जोखमीपुढे दोन-तीन ओळींचा त्याग फार मोठा नाही. निसवलेल्या झाडांना बांबूचा आधार देणे किंवा प्लास्टिकच्या पट्टीने समोरासमोरची झाडे परस्परांना बांधणे हा दुसरा उपाय. सरळसोट ८०-९०च्या वाऱ्यापुढे तो टिकत नाही, पण ४०-५०च्या वाऱ्यात बाग वाचवतो, आणि बहुतेक वारे याच टप्प्यातले असतात.

घरांची गोष्टही याच हिशेबाने समजते. जाड मातीची जुनी धाब्याची घरे वाऱ्याला दाद देत नसत. त्यांच्या जागी आलेले पत्र्याचे छप्पर मात्र ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला जवळपास ४७ किलोचा दाब झेलते, आणि कडेला तर हा जोर वरच्या दिशेने ओढणारा असतो. पत्र्यावर दगड ठेवण्याची सार्वत्रिक रीत घातक आहे, कारण पत्रा उचलला गेला की तेच दगड खाली झोपलेल्यांवर पडतात. पत्र्याच्या कडांना जवळजवळ हुक आणि लाकडी वाशांऐवजी भिंतीत गाडलेले लोखंडी अँगल एवढा बदल घरकुल योजनांच्या आराखड्यातच असायला हवा. विजेबाबत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले दामिनी हे ॲप परिसरातील विजेची सूचना देते. परंतु शेतात काम करणाऱ्या मजुराकडे ते चालणारा फोन असेलच असे नाही, म्हणून ढग गडगडू लागताच काम थांबवून झाडाखाली न जाता पक्क्या घरात जाण्याची मुभा मजुरी न कापता मिळणे, हाच त्याच्यासाठी खरा इशारा ठरतो.

या मजुरांचे आणखी एक नुकसान कोणत्याही कागदावर येत नाही. कापणीच्या हंगामात घड उतरवणाऱ्या, वाहणाऱ्या आणि गाड्या भरणाऱ्या टोळ्यांचे काम बाग पडताच त्याच दिवशी संपते. जमीन बटाईने किंवा नफ्याने करणाऱ्याची स्थितीही फारशी वेगळी नाही; नोंदणीकृत भाडेकरार नसेल तर विमा त्याच्या नावे निघत नाही, आणि सातबारा मालकाच्या नावावर असल्याने शासकीय मदतही मालकाच्याच खात्यात जमा होते. भाडेकरार नोंदवणे सुलभ आणि स्वस्त करणे, आणि वादळग्रस्त मंडळांत पडलेल्या बागा साफ करण्याचे काम रोजगार हमीतून तातडीने काढणे, ही दोन पावले जिल्हा पातळीवर मेच्या आधी उचलता येण्यासारखी आहेत.